सात मजली इमारतीच्या पंपाचे कार्य कसे काढावे? सल्ला हवा आहे

परळवासी :

नमस्कार. परळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत तळमजला अधिक सात मजले आणि ४० सदनिका आहेत. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळेत येऊन जमिनीखालच्या टाकीत साठते आणि तेथून पाच अश्वशक्तीच्या मोनोब्लॉक सेंट्रिफ्युगल पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. हा पंप आता बदलायचा आहे. आलेल्या दरपत्रकांत एकाने साडेसात, दुसऱ्याने पाच आणि तिसऱ्याने तीन अश्वशक्तीचा पंप सुचवला आहे. गंमत म्हणजे यांपैकी एकानेही गच्चीपर्यंतची उंची मोजलेली नाही. शेवटी आम्हीच जिन्याच्या पोकळीतून टेप सोडून मोजले, तेव्हा खालच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीत पडणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत २८ मीटर भरले. पाइप दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असून त्याची एकूण लांबी सुमारे ४५ मीटर आहे.

सर्वसाधारण सभेत प्रश्न येणारच, म्हणून पंपाला किती कार्य करावे लागते याचा हिशेब कागदावर मांडायचा आहे. पदविका अभ्यासक्रमाच्या पुस्तकात इम्पेलरच्या (पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) कडेचा वेग आणि पाण्याच्या वेगाचा त्या दिशेतील घटक यांच्या गुणाकाराला गुरुत्वत्वरणाने भागण्याचे सूत्र सापडले, परंतु ते आमच्या कामाला कसे लावायचे ते उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जलयंत्र :

अश्वशक्तीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि पाण्यापासून सुरुवात करावी. माणशी दररोज १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण घेतले आणि सदनिकेत सरासरी पाच माणसे धरली, तर आपल्याला रोज २७,००० लिटर, म्हणजे २७ घनमीटर पाणी वर न्यायचे आहे. त्याचे वस्तुमान २७,००० किलो, त्याला ९.८१ ने आणि २८ मीटरने गुणले की सुमारे ७४ लाख ज्यूल होतात. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असल्यामुळे हे कार्य २.०६ युनिट इतके भरते. पंप कोणताही आणा, रोजचे एवढे कार्य टळणार नाही. त्याच्यावर विजेचा मीटर जे काही दाखवील ते पाइपात, पंपात आणि मोटरमध्ये गेलेले असते, आणि आपली निवड चालते ती फक्त या वरच्या भागावर.

आता डिस्चार्ज (पंपाने तासाला चढवायचे पाणी) ठरवावा. खाली साठवण असल्यामुळे पालिकेच्या पाण्याच्या वेळेत सगळे पाणी वर गेलेच पाहिजे असे बंधन आपल्यावर नाही, हा मुद्दा विक्रेते सहसा काढत नाहीत. तासाला १२ घनमीटर धरले तर सव्वादोन तासांत दिवसाचे पाणी चढते, आणि ते दोन खेपांत विभागताही येते. दोन इंची पाइपात या डिस्चार्जला पाण्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर येतो. पाइप जुना असल्यामुळे डार्सीच्या सूत्रातील घर्षणांक ०.०३ घेतला, तर ४५ मीटर लांबीत सुमारे ४ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जाते. फूट व्हॉल्व्ह (टाकीत बुडालेल्या पाइपाच्या तोंडाची एकतर्फी झडप), नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि बेंड यांत सव्वा मीटरच्या आसपास. टाकीत पडताना पाण्यापाशी उरलेला वेग अगदीच किरकोळ आहे. एकूण हेड ३३.३ मीटर.

पुढचे सूत्र पाठ करून ठेवण्यासारखे आहे : पाण्याला मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये = डिस्चार्ज (घनमीटर प्रति तास) × हेड (मीटर) ÷ ३६७. म्हणजे १२ × ३३.३ ÷ ३६७ = १.०९ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर शाफ्टवर (पंप फिरवणाऱ्या दांड्यावर) २.१८ किलोवॅट लागतात, आणि मोटरची ८४ टक्के धरली तर विजेच्या तारेतून सुमारे २.६ किलोवॅट घेतले जातात. सव्वादोन तासांचे ५.८ युनिट झाले. २.०६ युनिटांच्या कार्यासाठी ५.८ युनिट वीज, हे लहान पंपाच्या बाबतीत मुळीच वाईट नाही.

कुर्लानिवासी :

एवढ्या बारकाव्यात शिरण्याची खरोखर गरज आहे का? साडेसात अश्वशक्तीचा पंप बसवा, टाकी तासाभरात भरेल आणि पंप कमी वेळ चालल्यामुळे वीजही तेवढीच लागेल. आमच्याकडे असेच केले आहे आणि कोणाची तक्रार नाही.

जलयंत्र :

तक्रार नसेलही, पण वीज तेवढीच लागते हे मान्य करता येत नाही. पाइप तोच ठेवून डिस्चार्ज दुप्पट केला, तर वेग दुप्पट होतो आणि घर्षणात जाणारे हेड चौपट. वरच्या उदाहरणात उंचीखेरीजचे हेड ५.३ मीटर होते, ते २१ मीटरच्या वर जाते आणि एकूण हेड ४९ मीटर होते. म्हणजे तेच २७ घनमीटर पाणी त्याच गच्चीवर नेण्यासाठी पाण्यावर जवळपास दीडपट कार्य करावे लागते. पंप निम्मा वेळ चालला म्हणून हा फरक भरून निघत नाही. मोठा पंप हवाच असेल तर आधी उभा पाइप अडीच किंवा तीन इंची करावा, मग बोलावे.

तासिका :

मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवतो, त्यामुळे परळवासींनी विचारलेल्या पुस्तकी सूत्राबद्दल लिहितो. ते ऑयलरचे सूत्र आहे, आणि पाणी इम्पेलरमध्ये त्रिज्येच्या दिशेने शिरते असे गृहीत धरल्यावर त्याचा हा सोपा आकार उरतो. ते इम्पेलरने पाण्यावर केलेले कार्य सांगते. पाणी किती उंच चढले हे सांगत नाही. विद्यार्थ्यांची गल्लत नेमकी येथेच होते.

आपल्या पंपाशी मिळतेजुळते आकडे घेऊ. इम्पेलरचा व्यास १६० मिलिमीटर, कडेची रुंदी ६ मिलिमीटर, पात्यांचा कोन ३० अंश आणि फेरे मिनिटाला २८८०. कडेचा वेग सेकंदाला २४.१ मीटर येतो. पाणी बाहेर पडताना त्याचा त्रिज्येच्या दिशेचा वेग १.१ मीटर आहे. पाती मागे वळलेली असल्यामुळे त्याला ३० अंशाच्या टॅनने भागून येणारे १.९ मीटर कडेच्या वेगातून वजा केले की २२.२ मीटर उरतात. २४.१ × २२.२ ÷ ९.८१ म्हणजे सुमारे ५४.६ मीटर. इम्पेलर पाण्याला देऊ करतो ५४.६ मीटरचे हेड, हाती लागते ३३.३, या दोहोंचे गुणोत्तर ६१ टक्के, यालाच मॅनोमेट्रिक कार्यक्षमता म्हणतात. मधला फरक पात्यांमधील पाण्याच्या घसरणीत, केसिंगमधील (पंपाच्या बाहेरच्या कवचातील) भोवऱ्यांत आणि घर्षणात नाहीसा होतो.

शक्तीच्या भाषेत साखळी अशी : तारेतून २.६, शाफ्टवर २.१८, इम्पेलरकडून पाण्याला १.७९, आणि पंपाबाहेर पडणाऱ्या पाण्यात १.०९ किलोवॅट. पंप बनवणाऱ्याला तिसरा आकडा महत्त्वाचा, संस्थेला पहिला आणि शेवटचा. म्हणून ते सूत्र सभेपुढे ठेवू नये असे मला वाटते. तेथे ते फक्त दबदबा निर्माण करील.

परळवासी :

दोघांचेही आभार. जुना पंप किती वीज खातो हे संस्थेच्या साधनांनी मोजता येईल का?

जलयंत्र :

येईल. वरच्या टाकीचे बाहेर जाणारे व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद ठेवावेत, पंप सुरू करावा आणि दहा मिनिटांत पातळी किती चढते ते पट्टीने मोजावे; टाकीची लांबी, रुंदी आणि चढलेली पातळी यांचा गुणाकार म्हणजे दहा मिनिटांचा डिस्चार्ज. विजेसाठी सामायिक मीटरवरचे लिफ्ट आणि दिवे बंद करून मीटरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. एका युनिटला किती लुकलुक हे मीटरवर छापलेले असते. केवळ क्लॅम्प मीटरने अँपिअर पाहून निष्कर्ष काढू नये, कारण पॉवर फॅक्टर (अँपिअर आणि व्होल्ट यांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) त्यात दिसत नाही. पंपाच्या डिलिव्हरीवर (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूवर) प्रेशर गेज असेल तर त्याचाही आकडा टिपावा. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर हेड.

परळवासी :

रविवारी मोजले. टाकी ३ बाय २ मीटरची असून दहा मिनिटांत पाणी ३३ सेंटिमीटर चढले. मीटरवर युनिटला १६०० लुकलुक छापले आहेत आणि मिनिटाला १०४ मोजले. गेज ३.१ दाखवते, आणि खालच्या टाकीतील पातळी पंपाच्या मध्यापासून सव्वादोन मीटर खाली होती.

जलयंत्र :

डिस्चार्ज तासाला ११.९ घनमीटर झाला. गेजचे ३१ मीटर आणि सक्शनचे (पाणी ओढून घेण्याच्या बाजूचे) घर्षणासह अडीच धरून एकूण हेड ३३.५, म्हणजे कागदावरच्या हिशेबाशी जवळपास जुळले. वीज १०४ × ६० ÷ १६०० = ३.९ किलोवॅट. तारेपासून पाण्यापर्यंतची एकत्रित कार्यक्षमता २८ टक्के! पाच अश्वशक्तीचा पंप तीन अश्वशक्तीचे काम करतो आहे. रिवाइंड केलेली (तारा नव्याने गुंडाळलेली) मोटर किंवा झिजलेले वेअर रिंग (इम्पेलर आणि केसिंग यांमधली फट राखणारे कडे), बहुधा दोन्हीही. रोजच्या पाण्याला आज ८.८ युनिट लागतात. नव्या पंपाला सहाच्या आत लागावेत.

शिवडीचा फिटर :

हिशेब झाला, आता दोन शब्द बसवण्याबद्दल. ज्याच्या पाटीवर हेड ५० किंवा ६० मीटर लिहिलेले आहे असा पंप ‘जादा ताकद’ म्हणून घेऊ नये. तो ३३ मीटरवर चालवला की गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, अँपिअर चढतात आणि मोटर तापते. मग व्हॉल्व्ह आवळून ठेवावा लागतो आणि वीज तेथेच वाया जाते. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा असावा. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप बदलून काही साधणार नाही, दर सकाळी प्रायमिंग करत (पंपात पाणी भरून हवा काढत) बसावे लागेल. सुरू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, मग हळूहळू उघडावा. या जातीचा पंप बंद व्हॉल्व्हवर सर्वांत कमी शक्ती घेतो. मात्र मिनिटभराहून जास्त तसा ठेवू नये, आतले पाणी तापते.

जलयंत्र :

फिटर महोदयांशी सहमत आहे. दरपत्रक नव्याने मागवताना अश्वशक्ती लिहूच नका. ‘३४ मीटर हेडवर तासाला १२ घनमीटर, त्या बिंदूवर पंपाची कार्यक्षमता किमान ५५ टक्के’ असे लिहा आणि पंपाचा परफॉर्मन्स कर्व्ह (वेगवेगळ्या हेडवर किती पाणी आणि किती कार्यक्षमता मिळते याचा आलेख) जोडण्याची अट घाला. ५५ टक्क्यांवर शाफ्टला दोन किलोवॅटच्या आसपास लागतात, म्हणून तीन अश्वशक्तीची, म्हणजे २.२ किलोवॅटची मोटर थोडा वाव ठेवून पुरते; ५० टक्क्यांचा पंप आला तर ती अगदी काठावर बसते. जो विक्रेता कर्व्ह देणार नाही त्याचे पाकीट उघडू नये.