भातात कॅडमियम: दोष एचएमए३ जनुकाचा की एनरॅम्प५चा?

रोपवाटिका: एकाच कुंडीतल्या मातीत वाढवलेल्या दोन वाणांपैकी एकाच्या दाण्यात कॅडमियम (विषारी जड धातू) कितीतरी जास्त येतंय. कारणीभूत जनुक कसं ओळखावं?

मुळाक्षर: आधी मूळ आणि खोड-पानं वेगवेगळी मोजा. ओएसएचएमए३ (भातातलं एचएमए३) कॅडमियम मुळांच्या पेशींतल्या रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) कोंडून ठेवतं. ते निकामी असेल तर मुळात कमी, वर जास्त. 'अंजना धान'सारख्या काही इंडिका (भाताचा एक उपप्रकार) वाणांत हेच आढळलंय. एनरॅम्प५ मातीतून कॅडमियम आत घेण्याचं काम करतं. ते बिघडलं तर मुळात आणि वर, दोन्हीकडे घट दिसते. मुळं ५ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईडच्या थंड द्रावणात तीनदा धुवा, नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेलं कॅडमियम आकडा फुगवतं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

रोपवाटिका: मग एनरॅम्प५ बंद केलं की काम झालं?

धानकरी: जपानमध्ये कोशिहिकारी या भाताच्या वाणावर कार्बन आयनांचा मारा करून असेच उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली रोपं) मिळवले, २०१२ साली प्रसिद्ध झाले. दाण्यातलं कॅडमियम जवळपास नाहीसं! पण मँगनीजही याच वाटेने येतं. मँगनीज कमी असलेल्या जमिनीत वाढ खुंटते, तपकिरी ठिपक्यांचा रोग बळावतो.

मुळाक्षर: पाण्याचंही बघा. निसवण्याच्या (ओंब्या बाहेर पडण्याच्या) आधी-नंतर तीन-तीन आठवडे पाणी साठवलं तर कॅडमियम घटतं, पण आर्सेनिक वाढतं. तुलना करताना दोन्ही वाण एकाच वेळी निसवणारे हवेत. नाहीतर फरक जनुकाचा की पाण्याचा, हे कळणारच नाही.