मॅग्मा वर आणायचा की लोहारखाना खाली न्यायचा?

काजळी:
ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे ड्वार्फ नावाच्या बुटक्यांचं शहर वसवायचा संगणकावरचा खेळ, त्यावरच्या चर्चेत काल एकाने पिंक टाकली: "पंपांची उतरंड लावून मॅग्मा वर आणला नसेल तर ते डोंगरातलं शहर नव्हे, उंदराचं बीळ." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅग्माचा समुद्र 120 मजले खाली आहे असं धरू. स्क्रू पंप एका वेळी एकच मजला चढवतो. म्हणजे 120 पंप. प्रत्येकाला एक ठोकळा, एक नळी आणि एक मोठा स्क्रू. झाले 360 नग, आणि सगळे मॅग्मात टिकणारे हवेत, लाकडी चालत नाहीत. पंपाला 10 पॉवर लागते, एकूण 1200. पाणचक्की 100 देते आणि त्यातली 10 स्वतःच खाते, म्हणजे 14 चक्क्या. दांडे आणि गिअर जे खातील ते वेगळं. थंड डोंगर असेल तर हिवाळ्यात नदी गोठते आणि उतरंड शोभेला उभी राहते.

हे सगळं कशासाठी? इंधनाशिवाय चालणाऱ्या लोहारखान्याखाली 4/7 मॅग्मा (एका टाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या एका चौकोनात, 7 भाग मावतात) मिळावा म्हणून! लोखंडी खाणगाडीत 2/7 मावतो. एका टाइलचा खड्डा, गाडीच्या दोन खेपा, काम फत्ते. तेही नको असेल तर लोहारखानाच खाली न्या. बीळ म्हणे!

उतरंडवाला:
पिंक माझीच होती आणि शब्द मागे घेत नाही. तुमच्या दोन खेपा एका भट्टीपुरत्या. चार स्मेल्टर (धातू गाळायच्या भट्ट्या) आणि चार लोहारखाने म्हटले की 16 खेपा, आणि सगळ्या 120 मजल्यांच्या चढाने. तेवढं चालेल म्हणा, पण वेशीसमोरच्या खंदकात मॅग्मा सोडून गॉब्लिनांचा वेढा बुडवायचा असेल तर? तो काय बादलीने भरणार?

आणि "खाली न्या" हे बोलायला सोपं. समुद्राच्या वरच तिसरी, सर्वात खोल गुहा असते. तिकडची भिंत चुकून फुटली की विसरलेलं श्वापद (गुहेतला राक्षसी प्राणी) थेट तुमच्या ऐरणीपाशी. व्यापाऱ्यांचा डेपो मात्र वरच, कारण त्यांच्या गाड्यांना तीन टाइल रुंद रस्ता लागतो. मग प्रत्येक ढाल हमालाने 120 मजले वर न्यायची.

सात_जण:
खंदकाचं आमिष दाखवताय, पण लुटीचं काय? गॉब्लिनांची तांब्याची आणि ब्राँझची चिलखतं मॅग्मात वितळून जातात. लोखंडी तेवढी उरतात.

आता उतरंडच लावायची असेल तर निदान नीट लावा, लोक त्याच त्या चुका करतात.
पहिली चूक, सगळे पंप एकाच दिशेला. खालचा पंप जिथे ओततो तिथूनच वरचा उपसतो, म्हणून तोंडं आळीपाळीने उलटसुलट हवीत.
दुसरी, मधली फरशी सलग ठेवणं. पंपाखाली एक टाइल खोदून मोकळी ठेवली नाही तर पॉवर वरच्या पंपाला पोचत नाही आणि माणूस तासभर गिअर तपासत बसतो.
तिसरी सगळ्यात महागात पडते. मॅग्माला एरवी दाब नसतो, पण पंपातून आला की असतो, आणि तो सर्वात वरच्या पंपाच्या मजल्यापर्यंत चढतो. टाकी त्या मजल्याच्या खाली आणि लोहारखाना नेमका त्याच मजल्यावर असेल, तर भट्टीखालच्या भोकातून मॅग्मा वर येतो आणि लोहार आत भाजतो. लोहारखाना त्याच्या एक मजला वर ठेवा. झडपही मॅग्मात टिकणारी हवी आणि तिची कळही. झडप लोखंडी बसवून कळ साध्या दगडाची ठेवणारे कमी नाहीत. बांधलेल्या भिंतीला मात्र कुठलाही दगड चालतो, ती वितळत नाही.

गुहेतला_बुरशीवाला:
ज्वालामुखी असलेली जागा निवडा की! मॅग्मा आपणहून डोंगराच्या माथ्यावर येतो.

काजळी:
छान. परीक्षेला गाइड उघडून बसायचं आणि वर पहिला नंबरही मागायचा.

दगडी_रांजण:
तुम्ही सगळे मॅग्मा आला म्हणजे इंधनाचा प्रश्न मिटला असं धरून चाललाय. पोलादाला जाळण्यापुरतंच इंधन लागत नाही, कोळसा जिन्नस म्हणूनही पडतो. एक लोखंडाची कांब, एक फ्लक्स (चुनखडीसारखा दगड) आणि एक कोळसा घातला की एक बिडाची कांब. ती कांब, आणखी एक लोखंडाची, पुन्हा फ्लक्स आणि पुन्हा कोळसा, की पोलादाच्या दोन कांबी. म्हणजे मॅग्मा असूनही दोन कांबींना दोन कोळसे गेलेच. बिनमॅग्म्याचे चार जातात. निम्मी बचत झाली, मान्य. पण निम्मीच.

मग झाडं तोडा. एका ओंडक्याचा एकच कोळसा होतो. आणि एल्फांचा (झाडं जपणाऱ्या वनवासी जमातीचा) वकील येऊन दरवर्षी किती झाडं तोडायची ते सांगणार!

उतरंडवाला:
एल्फांना विचारतंय कोण? दगडी कोळसा खणा. बिट्युमिनसच्या एका दगडातून 9 कोक (तोही कोळशासारखाच चालतो) निघतात, लिग्नाइटमधून 5. मॅग्म्याच्या स्मेल्टरवर ते भाजायला इंधनही लागत नाही. एकही झाड पडत नाही.

दगडी_रांजण:
खाणीत असला तर! नसला की बसा डोंगराकडे बघत. आणि एल्फांचं म्हणाल तर वसंतात पहिला तांडा त्यांचाच येतो. त्यांच्यापुढे लाकडी पेटीत भरून दगडी पेले मांडले तरी अपमान. पेले दगडाचे आहेत हो, पण पेटी लाकडाची! क्लिअर ग्लास दाखवली तरी नाक मुरडतात, कारण तिच्यात झाडाची राख असते. ग्रीन ग्लासला काही हरकत नाही. म्हणून पेट्या धातूच्या करा आणि दारू दगडी रांजणात भरा. लाकडी पिंपावर लाकूड घालवणारा ड्वार्फच नव्हे.

सात_जण:
विषय मॅग्मा होता.

दगडी_रांजण:
दारूशिवाय तुमची उतरंड बांधणार कोण? दारू संपली की ड्वार्फ रेंगाळतात. एका प्लम्प हेल्मेटचे (जमिनीखाली पिकणाऱ्या अळंबीचे) पाच पेले होतात आणि बी परत मिळतं. पण तेच स्वयंपाकात गेलं की बी गेलं. स्वयंपाकासाठी त्याची मनाई न करता "शहर का उपाशी?" विचारणारे दर आठवड्याला येतात इथे. आधी ते शिका, मग मॅग्म्याशी खेळा.

काजळी:
रांजणभाऊ, वेगळा धागा काढा ना त्यासाठी. उतरंडवाले, एक मुद्दा राहिलाच. चालू उतरंडीत मॅग्मा सतत हलतो आणि प्रत्येक हालचाल संगणकाला मोजावी लागते. शहरात 200 ड्वार्फ झाले की खेळ गोगलगाय होतो.

उतरंडवाला:
म्हणूनच पायथ्याच्या गिअरला खटका लावतात. टाकी भरली की खटका ओढायचा, 120 पंप गप्प. कायम चालू ठेवायला सांगितलं कुणी?

काजळी:
तुमच्या पिंकेत खटक्याचं नाव नव्हतं. असो, खंदक भरायचा असेल तर उतरंड, एवढं देतो. चार लोहारखान्यांसाठी ती लावणारा मात्र अजूनही शुद्ध हौशीच.

उतरंडवाला:
हौशीच आहोत. नाहीतर एल्फ झालो असतो.

दगडी_रांजण:
एल्फांवरून आठवलं, कुंपणाच्या लाकडाचं...