एअर इंडिया इमारत: पाडावी की वापरावी?

वरसोलीकर: अलिबागकडून शासकीय कामासाठी मुंबईत जाणाऱ्याला एक विभाग मंत्रालयात, तर दुसरा भलत्याच इमारतीत शोधावा लागतो. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत राज्य शासनाने घेतल्याने हे थांबेल, असे म्हणतात. मात्र विमान कंपनीसाठी बांधलेली, समुद्राला लागून असलेली जुनी इमारत वापरावी की पाडून नवी बांधावी?

जुनी_मुंबई: भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभी असलेली ही २३ मजली इमारत न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्गी या वास्तुसंस्थेने आखली आणि १९७४ मध्ये ती पूर्ण झाली. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोट मालिकेत तिलाही लक्ष्य करण्यात आले, पण सांगाडा टिकला. २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि इथले मजले भाड्याने दिले जाऊ लागले. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, तरी ही मालमत्ता त्या व्यवहाराबाहेर राहिली आणि २०२४ मध्ये केंद्राने ती १६०१ कोटी रुपयांना राज्याला देण्यास मंजुरी दिली. जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्याने दिलेली! २१ जून २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातील कार्यालये विखुरली, हे या खरेदीमागचे एक मोठे कारण आहे.

स्थापत्य_रत्नागिरी: माझे मत वापरण्याच्या बाजूने आहे, पण आधी तपासणी हवी. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट तडकून गळून पडते. आपल्या किनाऱ्यावरील कुठल्याही जुन्या सज्जाखाली हे दिसते. त्यामुळे नुसता रंग व गिलावा करून भागणार नाही. ठिकठिकाणचे नमुने काढून क्लोराइड किती खोल गेले ते मोजावे लागेल. सांगाडा ठीक निघाला तर तो पाडून पुन्हा तेवढेच सिमेंट-पोलाद ओतणे मला उधळपट्टी वाटते. खरा खर्च लिफ्ट, वीजतारा, वातानुकूलन आणि अग्निसुरक्षेवर होईल.

फाईलवाला: कंपनीच्या कार्यालयात ठरावीक माणसे येत, शासनाच्या दारी मात्र रांग लागते. सगळी जनता लिफ्टने वर पाठवली तर लिफ्टपुढेच दिवस जाईल. म्हणून अर्ज स्वीकारण्याच्या खिडक्या, चौकशी आणि बसण्याची सोय खालच्या मजल्यांवर ठेवावी व वर केवळ कार्यालये न्यावीत. वरसोलीकरांची हेलपाटे थांबण्याची अपेक्षा मात्र तेव्हाच पुरी होईल, जेव्हा एकमेकांशी काम पडणारे विभाग एकाच छताखाली येतील.