माणसं येतात, पण टिकत का नाहीत?

तरुणांना वेळ नाही आणि वर्गणी परवडत नाही, म्हणून फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंघटनेची सदस्यसंख्या घटतेय, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत ४० लाखांवर मेसन, म्हणजे या संघटनेचे सदस्य होते, आज १० लाखांच्याही आत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लोंढ्याने आलेली पिढी गेली, तिची जागा भरली नाही, हे खरंच.

पण मला जास्त टोचतात ते तिसरी पदवी घेऊन, म्हणजे पूर्ण सदस्य होऊन गळणारे बंधू, म्हणजे सहसदस्य. आमच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, असाच एक तरुण होता. दर सभेला मेसनांचा पांढरा एप्रन बांधून मागच्या रांगेत बसायचा. इतिवृत्त वाचलं जायचं, जमाखर्चावर वाद व्हायचे, मग जेवण. विधीतली एक ओळसुद्धा त्याला कुणी पाठ करायला दिली नाही. तो यायचा थांबला आणि आम्ही फोन केला तो वर्गणी थकल्यावर! त्याचा नाही, मला आमचाच राग येतो.

नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात काम द्या. विधीतला छोटा भाग, आजारी बंधूची विचारपूस, काहीही. गैरहजर असेल त्याला नुसती खुशाली विचारायला फोन करा. नव्या भरतीचं त्यानंतर बघू.