उत्तर: जळकं ऑइल आणि गंज

पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल) मारलं की लष्करी गाडीला गंज लागत नाही, हे वर दोघांनी लिहिलंय. उघड्या पत्र्यापुरतं ठीक आहे (रबरी बुश फुगतात ते वेगळंच), पण गंज आतून येतो त्याचं काय? आमच्या वडिलांनी लिलावात घेतलेली जोंगा (सैन्याची जीपसारखी गाडी) चार पावसाळे अशीच ऑइल पीत होती. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली, मिस्त्रीनं दाराखालच्या पोकळ पट्टीला पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत! बाहेर हिरवा रंग एकदम झकास. पट्टीच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती गगनबावड्याची तांबडी माती आणि त्याच ऑइलचा चिखल मिळून गच्च बुजली होती. आत पाणी साठलेलं, वर आम्ही खुश.

आता मे महिन्यात तारेनं भोकं मोकळी करतो, हवा मारून आतला भाग वाळवतो आणि मग लांब नळीनं पातळ मेण आत फवारतो. आणि पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घट्ट आवळू नका राव, आत दमट हवा कोंडते. सैन्यातसुद्धा गाड्या दीर्घकाळ ठेवायच्या तर बंद जागेतली हवा यंत्रानं कोरडी ठेवतात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असली की लोखंड फारच सावकाश गंजतं.