आईला अल्झायमर निघाला. मी ५२ वर्षांची आहे, जीन टेस्ट करून घेऊ का?

दांडियाबाजारची_लेक

नमस्कार. आम्ही बडोद्याचे, तीन पिढ्या इथेच. आई ७८ वर्षांची. दिवाळीआधी मंगळबाजारातून घरी यायला निघाली आणि न्यायमंदिरापाशी नुसती उभी राहिली, कुठल्या बाजूला वळायचं ते तिला सुचेना. समोरच्या घरातल्या बेननी पाहिलं म्हणून रिक्षात घालून आणलं. मग न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, एमआरआय झाला. बी-१२ आणि थायरॉइड ठीक आहेत. निदान अल्झायमरचं आहे. त्या बेनशी आई जन्मभर गुजरातीत बोलली, आता मराठीत बोलते. त्यांना अर्ध्याहून जास्त कळत नाही, तरी त्या हात धरून ऐकत बसतात.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, थुंकीवरून जीन तपासणारं किट मागव, म्हणजे आपल्याला होणार का ते कळेल. तसं करू का? दुसरी गोष्ट मनाला फार लागली आहे. नात्यातले लोक म्हणतात, "वहिनींनी कधी डोकं चालवलंच नाही, चूल आणि देव, म्हणून असं झालं." हे खरं असतं का? आईने शिवणाचे क्लास घेतले, भिशीचा हिशेब सांभाळला.

माझं बीपी वाढलेलं असतं, गोळी आठवली तर घेते. आई रात्री उठते, म्हणून माझी झोप चार-पाच तासच होते.

रावपुऱ्याचा_निवृत्त_डॉक्टर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, हे खरं नाही, आणि पुन्हा कोणी म्हणालं तर त्यांना हेच वाचून दाखवा.

या आजारात मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती विसरभोळेपणा दिसण्याच्या १५-२० वर्षं आधी. म्हणजे आई भिशीची वही चोख लिहीत होत्या तेव्हाच बहुधा आत हे चालू झालेलं असणार. तरीही इतकी वर्षं त्यांचं काही अडलं नाही, कारण वापरात असलेला मेंदू नुकसान सोसून बराच काळ काम निभावून नेतो. हैदराबादला डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. दोन भाषांनी आजार टळतो असं यावरून म्हणता येत नाही. पण घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, असा आयुष्यभर संसार करणाऱ्या बाईला "डोकं चालवलं नाही" म्हणणं हा अन्याय आहे. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस मातृभाषेकडे वळतो, हेही या आजारात पुष्कळदा दिसतं. त्या बेनना हे समजावून सांगा. दोन-चार मराठी शब्द त्या आनंदाने शिकतील.

बालपणीचं शिक्षण मात्र खरोखर मोजलं जातं. जर्मनीत अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार डॉक्टरांच्या सभेत मांडला. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेही त्याच वर्षी, मुलींसकट. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती पाटी आली ती त्यामुळे. सार्वजनिक आरोग्यासाठी यापेक्षा मोठं काम कोणतं, असं मला नेहमी वाटतं.

आता किट. मागवू नका. ज्या तीन जीन्समुळे हा आजार जवळजवळ नक्की होतो, ती घराणी अगदी विरळ, आणि त्यांच्यात तो बहुधा पासष्टीच्या आतच दिसतो. आईंचं तसं नाही. किट सांगेल ते एपीओई-४ नावाच्या, धोका वाढवणाऱ्या जीनबद्दल. त्याची एक प्रत असेल तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट, दोन असतील तर आणखी बराच जास्त. पण प्रत असूनही आजार न झालेले खूप आहेत आणि नसूनही झालेले खूप. अहवाल काहीही आला तरी उद्यापासून तुम्ही करायचं ते बदलत नाही. मग ती टांगती तलवार कशाला? अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं द्यायची असतील तर डॉक्टर ही तपासणी आधी करतात, कारण मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यावर ठरतो. पण ती रुग्णाची गोष्ट झाली.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती "गोळी आठवली तर घेते" या वाक्याची. पन्नाशीतलं बीपी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं आणि त्याचा हिशेब सत्तरीत होतो. वरचं बीपी १२०च्या खाली ठेवलेल्या लोकांमध्ये, १४०च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा, स्मृती-विचारशक्तीचा सौम्य ऱ्हास कमी दिसला, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतून २०१९ साली पुढे आलं. तुमचा आकडा किती असावा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी मात्र रोज घ्या. सोबत एकदा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण सुधारता येणाऱ्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या जगभर सुधारल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा सगळ्या समाजाचा आहे, एका माणसाचा नव्हे. त्या यादीत सर्वांत वर, प्रत्येकी ७ टक्के, दोन गोष्टी आहेत: वाढलेलं एलडीएल आणि ऐकू कमी येणं.

बदाम, ब्राह्मी, जाहिरातीतली "मेमरी टॉनिक" यांवर पैसे घालवू नका. रोज भरभर चाला, एवढं पुरे.

कमाटीबाग_सकाळी_सहा

डॉक्टरसाहेबांनी ऐकू येण्याचं लिहिलं त्यावर सांगते. माझे सासरे भजनाला जायचे बंद झाले. आम्हाला वाटलं विसरायला लागले, चिडचिडे झाले. खरं तर त्यांना टाळाशिवाय काही ऐकूच येत नव्हतं. कानाचं मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे "डोक्यात भांडी वाजतात" म्हणून काढून ठेवायचे, ऑडिओलॉजिस्टकडे परत परत नेऊन आवाज जुळवून घ्यावा लागला. मग सवय झाली. आता एकादशीला सगळ्यांच्या आधी तयार. दांडियाबाजारच्या ताई, आईची आणि तुमची तपासणी एकदमच करा.

दांडियाबाजारची_लेक

दोघांचे मनापासून आभार. आईबद्दलचं वाचून खूप रडले. टीव्ही ती मोठ्याने लावते हे खरं, कानांचं आमच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर, झोपेचं काय करू? मेडिकलवाले म्हणतात आईला रात्री सर्दीची गोळी द्या, शांत झोपेल.

रावपुऱ्याचा_निवृत्त_डॉक्टर

ती गोळी देऊ नका ताई. सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या मेंदूतल्या असिटिलकोलिनला, म्हणजे स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनाला, अडवतात. अल्झायमरमध्ये नेमकं तेच आधीच कमी पडलेलं असतं. आईंचा गोंधळ वाढेल, लघवी अडेल, पडण्याची भीती वेगळीच. त्या आत्ता घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा.

सकाळी उन्हात बसवा, दुपारची झोप छोटी ठेवा, चहा चारनंतर नको. रात्रीचं उठणं अचानक वाढलं तर लघवीची तपासणी आधी करा. वृद्ध बायकांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग कधी कधी नुसता गोंधळ होऊनच दिसतो.

तुमची झोप हा वेगळा आणि तितकाच गंभीर विषय आहे. गाढ झोपेत मेंदूतला टाकाऊ माल धुऊन निघतो असं संशोधनातून दिसतंय. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त आढळल्याचं ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात नोंदलं आहे. म्हणून तुमच्या भावाला सांगा, किटचे पैसे राहू दे, आठवड्यातून निदान तीन रात्री मुक्कामाला येणाऱ्या बाईचा पगार तू दे. त्याला अवघड वाटत असेल तर त्याचा फोन मला लावून द्या, मी बोलतो. आणि पहिल्या महिन्यात त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा.