पॅक्स सांभाळताना: कुठे अडतं, का अडतं, आधी काय बघायचं (अनुभव धागा)

सीटी, एमआरआय, एक्स-रे, सोनोग्राफीच्या इमेज साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर आणणारी यंत्रणा, म्हणजे पॅक्स, रोज सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा. फोनवर ऐकू येतं ते एकच वाक्य: "इमेज येत नाहीये." त्यामागचं कारण दर वेळी वेगळं असतं. लक्षण, कारण आणि तपासायचा क्रम, एवढं नेमकं लिहा. रुग्णाची, संस्थेची ओळख आणि आयपी पत्ते नकोत.

जोडणीवाला
नवं मशीन जोडताना दोन्ही बाजूंना तीन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: एई टायटल (यंत्र एकमेकांना सांगतात ते ओळखीचं नाव), आयपी, पोर्ट. एई टायटलला १६ अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात रोमन लहान-मोठी (कॅपिटल) अक्षरं वेगळी धरतात. आडव्या रेघेच्या (-) जागी खालची रेघ (_) पडली तरी सर्व्हर ओळख नाकारतो. क्रम असा ठेवा: आधी पिंग (यंत्र नेटवर्कवर उत्तर देतं का), मग सी-इको (त्यावरची डायकॉम सेवा उत्तर देते का), मग एकच इमेज पाठवून बघा. डायकॉम म्हणजे वैद्यकीय इमेज साठवण्या-पाठवण्याची प्रमाण पद्धत. पिंग लागलं म्हणजे फक्त वायर आणि पत्ता ठीक आहे. सी-इको लागला म्हणजे डायकॉम सेवा जागी आहे. तरीही इमेज अडू शकते, कारण मशीन ज्या प्रकारची फाइल किंवा कॉम्प्रेशन देतं ते सर्व्हरला मान्य नसतं. नव्या मॅमोग्राफी मशीनची टोमोसिंथेसिस (स्तनाच्या थरावार इमेज) जुन्या सर्व्हरवर अशीच अडते आणि साध्या मॅमोच्या इमेज मात्र बिनबोभाट जातात. लॉगमध्ये कोणता प्रकार नाकारला ते लिहिलेलं असतं. तेवढी ओळ कंपनीला कळवली की अर्धं काम होतं.

शोधणारी
वरच्यात एक भर. यादी दिसते पण स्टडी (एका तपासणीच्या सगळ्या इमेज) उतरत नाही, ही तक्रार सी-मूव्हची, म्हणजे सर्व्हरकडून इमेज मागवण्याच्या आज्ञेची असते. वर्कस्टेशन (इमेज बघण्याचा संगणक) सर्व्हरला "या एई टायटलकडे पाठव" एवढंच सांगतं, स्वतःचा आयपी सांगत नाही. सर्व्हर आपल्या तक्त्यातून आयपी आणि पोर्ट काढतो आणि स्वतःहून नवी जोडणी उघडतो. त्यामुळे वर्कस्टेशनचा आयपी आपोआप बदलला, किंवा त्याच्या फायरवॉलने आत येणारी जोडणी अडवली, की यादी दिसत राहते आणि इमेज येत नाही. वर्कस्टेशनला आयपी कायमचा बांधून द्या.

वर्कलिस्ट
वर्कलिस्ट (मशीनवर येणारी रुग्णांची आणि ऑर्डरची यादी) रिकामी दिसली तर आधी मशीनचं घड्याळ बघा. मशीन "आजच्या" नोंदी मागतं. तारीख एक दिवस मागे असेल तर कालची यादी येते. सगळी मशीनं आणि सर्व्हर एकाच वेळ-सर्व्हरला जोडा. दुसरं कारण मोडॅलिटी (मशीनचा प्रकार) कोड: नोंद 'सीआर' म्हणून झालेली आणि मशीन 'डीएक्स' मागतंय, दोन्ही एक्स-रेचेच कोड. तिसरं, नोंदीत दुसऱ्याच खोलीच्या मशीनचं एई टायटल. मशीनवरचे फिल्टर एकेक काढत जा. ज्या फिल्टरपाशी नावं दिसू लागतील, दोष तिथेच.

यादी रिकामी असली की टेक्निशियन नाव हाताने टाइप करतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. क्रमांकातला एक आकडा चुकला की स्टडी ऑर्डरशी जुळत नाही, जुन्या तपासण्या शेजारी उघडत नाहीत आणि रिपोर्ट अधांतरी राहतो. म्हणून वर्कलिस्ट बंद पडणं ही तातडीची तक्रार धरावी, "टाइप करून चालवा" म्हणू नये. बेशुद्ध रुग्णाला तात्पुरता क्रमांक द्यावाच लागतो. ओळख पटल्यावर नोंदणी विभागातून एचएल७ चा (रुग्णालयातल्या प्रणालींमधल्या संदेशांची प्रमाण पद्धत) ए४० हा विलीनीकरण संदेश येतो. तो पॅक्सपर्यंत पोचला का, हे रोज तपासा. अ‍ॅक्सेशन नंबरही (ऑर्डरचा क्रमांक) जास्तीत जास्त १६ अक्षरांचाच. नोंदणी प्रणालीने लांब क्रमांक दिला की काही ठिकाणी शेपूट कापलं जातं, आणि दोन ऑर्डरमधला फरक बहुधा शेपटातच असतो.

दुरुस्ती
चुकीच्या नावावर गेलेल्या स्टडीबद्दल थोडं सविस्तर, कारण यात घाई सर्वात महाग पडते. फोनवरच्या सांगण्यावरून नाव बदलू नका. ज्याने तपासणी केली त्याच्याकडून वेळ, मशीन, शरीराचा भाग आणि इमेजची संख्या लेखी घ्या, ती स्टडीशी पडताळा, तोपर्यंत स्टडी वाचनाच्या यादीतून बाजूला ठेवा. रिपोर्ट झाला असेल तर रेडिओलॉजिस्टना आधी कळवा, मग दुरुस्ती करा. नाहीतर चुकीच्या रुग्णाच्या खात्यावर रिपोर्ट तसाच राहतो.

दुरुस्तीनंतर प्रती शोधा. मशीनची स्वतःची डिस्क, थ्रीडी वर्कस्टेशन, दूरवाचनाचा सर्व्हर, रुग्णाला दिलेली सीडी, सगळीकडे जुनंच नाव असतं. मशीनवरून कोणी "पुन्हा पाठवा" दाबलं की चूक परत पॅक्समध्ये. म्हणून मशीनवरही नाव सुधारा, निदान ती स्टडी तिथून काढा.

साठवण
दुरुस्तीचा बॅकअपशी थेट संबंध आहे. अनेक पॅक्समध्ये नाव बदललं की फक्त डेटाबेस बदलतो, फाइलच्या हेडरमध्ये (इमेजसोबतच्या माहितीत) जुनंच नाव राहतं. डेटाबेस गेला आणि फाइलींवरून पुन्हा यादी बांधली, तर आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या जातात. त्यामुळे दोन्हींचा बॅकअप एकाच वेळेचा हवा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून साठवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली स्टडी सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसली जाते. अधूनमधून एक सीटी, एक सोनोग्राफी क्लिप आणि एक जुनी स्टडी वेगळ्या सर्व्हरवर उतरवून इमेजची संख्या मोजा.

जागेचा हिशेब साधा आहे. सीटीची एक इमेज ५१२ × ५१२ पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ५,२४,२८८ बाइट, साधारण अर्धा एमबी. ८०० काप म्हणजे ४०० एमबी. त्याच तपासणीचे पातळ काप, हाडांचे वेगळे, फुप्फुसाचे वेगळे पाठवले की दुप्पट-तिप्पट. कोणत्या सिरीज (कापांचे संच) ठेवायच्या हे रेडिओलॉजिस्टांशी बसून ठरवा, एकट्याने नको.

मशीनच्या पडद्यावर "पाठवलं" दिसलं म्हणजे साठलं असं नाही. त्यासाठी स्टोरेज कमिटमेंट (इमेज साठल्याची सर्व्हरकडून खात्री) चालू ठेवा आणि पक्कं उत्तर आल्यावरच मशीनवरून पुसू द्या. हे उत्तर बऱ्याचदा सर्व्हर नवी जोडणी उघडून मशीनला देतो. मशीनकडचं पोर्ट बंद असेल तर उत्तर येत नाही, काहीच पुसलं जात नाही आणि मशीनची डिस्क भरते.

जोडणीवाला
पाठवणं फार हळू होत असेल तर स्विचच्या पोर्टवर चुकांचे आकडे वाढताहेत का बघा. एका टोकाला वेग पक्का बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असला की पिंग छान लागतं, सीटी मात्र रांगत जाते. दोन्ही टोकं सारखी करा.

पडदा
"इमेज काळी दिसते" या तक्रारीत तीच इमेज दोन पडद्यांवर उघडा. एकाच पडद्यावर काळी असेल तर दोष पडद्याचा: डायकॉमच्या १४व्या भागातल्या वक्राप्रमाणे कॅलिब्रेशन करा. निदानाच्या पडद्याला किमान ३५० आणि मॅमोग्राफीला ४२० कँडेला प्रति चौ. मीटर उजेड अशी शिफारस आहे. दोन्हींवर उलटी, म्हणजे हाडं काळी दिसली, तर हेडरमध्ये मोनोक्रोम१ (लहान आकडा पांढरा) आणि मोनोक्रोम२ (लहान आकडा काळा) यांची गल्लत शोधा.

लिपी
देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर ०००८,०००५ हा टॅग (हेडरमधली लिपीची नोंद) बघा. यूटीएफ-८ साठी तिथे आयएसओ_आयआर १९२ हवं. मशीनला फक्त रोमन कळत असेल तर ते प्रश्नचिन्हंच फाइलमध्ये लिहून टाकतं, नाव नंतर परत येत नाही. अशा मशीनच्या वर्कलिस्टमध्ये नाव रोमनमध्येच द्या.

शोधणारी
अभ्यासासाठी इमेज बाहेर देताना हेडरमधलं नाव काढून भागत नाही. सोनोग्राफीत नाव चित्रातच छापलेलं असतं, तो पट्टा झाकावा लागतो. कंपनीचे खाजगी टॅगही काढा. यूआयडी (स्टडीचा किंवा इमेजचा एकमेव ओळख-क्रमांक) बदलताना एकाच स्टडीतल्या सगळ्या इमेजना एकच नवा स्टडी यूआयडी जाईल असं बघा, नाहीतर ८०० कापांच्या ८०० स्टडी होतात.

वर्कलिस्ट
सर्व्हर ठरवून बंद ठेवायचा असेल तर आधी त्या दिवसाची वर्कलिस्ट मशीनवर ओढून घ्या आणि मशीनची आपोआप पुसण्याची सोय थांबवा. सुरू झाल्यावर रांग संपू द्या, मग प्रत्येक मशीनवरची आणि पॅक्समधली इमेजसंख्या स्टडीगणिक जुळवा. आकडे जुळल्यावरच पुसणं पुन्हा चालू करा.